पॅट्रिक ओ'कॉनेल: एकच माणूस की दोन?

पेठेतला_गोली:
मंडळी, एक शंका. बार्सिलोनाच्या जुन्या कोचांबद्दल वाचताना 'डॉन पॅट्रिसिओ' (म्हणजे स्पॅनिशमध्ये 'पॅट्रिकराव') सापडला. वाटलं स्पॅनिश असेल, तर गडी निघाला डब्लिनचा पॅट्रिक ओ'कॉनेल. पुढे बघतो तर १९१५ च्या त्या सेटिंगवाल्या मॅचमध्ये मँचेस्टर युनायटेडचा कॅप्टनही पॅट्रिक ओ'कॉनेलच! हा तोच का? आणि खरंच विकला गेला होता का?

विलायती_काका:
तोच. गुड फ्रायडे, २ एप्रिल १९१५, ओल्ड ट्रॅफर्ड. युनायटेड खालच्या डिव्हिजनमध्ये जायच्या बेतात, समोर लिव्हरपूल. युनायटेड २-० जिंकलं, आणि नेमक्या ह्याच स्कोअरवर लोकांनी एकास सात भावाने पैसे लावलेले. लिव्हरपूलच्या पॅगनमचा फटका बारला लागला तर त्याच्याच टीमवाले त्याच्यावर डाफरले! आपल्या पठ्ठ्याने पेनल्टी मारली ती पोस्टच्या बरीच बाहेर. चौकशीत दोन्हीकडच्या सात खेळाडूंवर आजन्म बंदी आली, त्यात ह्याचं नाव नाही. मला विचाराल तर त्याला काहीच माहीत नव्हतं हे पचत नाही.

पण त्याच्या आदल्याच वर्षी, १९१४ ला, आयर्लंडने इंग्लंडला त्यांच्या घरात, मिडल्सब्रोला, ३-० लोळवून ब्रिटिश चॅम्पियनशिप जिंकली होती, आणि स्कॉटलंडविरुद्ध हा मोडक्या हाताने खेळत राहिला होता. आता काय म्हणाल?

१९२२ ला थेट स्पेनमधलं सांतांदेर गाठलं. तिथल्या रेसिंग क्लबला कोच म्हणून सात वर्षं घडवलं, मग ओव्हिएदो, मग सेव्हिलचा बेटिस क्लब. बेटिसचं आजवरचं एकमेव लीग विजेतेपद, १९३५ चं, ह्याच्याच हातचं. शेवटच्या दिवशी ५-० जिंकायला गेले कुठे, तर सांतांदेरलाच! माद्रिदपेक्षा एक गुण जास्त, बस.

हाफटाइम_चहा:
बार्सावाला भाग राहिला काका. बेटिसनंतर तो बार्सिलोनाचा कोच झाला. १९३६ ला स्पेनमध्ये यादवी पेटली तेव्हा साहेब आयर्लंडला सुट्टीवर होते. क्लबचे अध्यक्ष सुन्योल यांना गोळ्या घातलेल्या, तिजोरीत खडखडाट. तरी परत आला. १९३७ ला टीम घेऊन मेक्सिको आणि न्यूयॉर्कचा दौरा केला, त्या पैशावर क्लब तगला. बरेच खेळाडू मात्र परतलेच नाहीत, आणि त्यांना दोष कोण देणार?

मुक्ता_उवाच:
डॉन वगैरे सगळं ठीक. पण बायको एलन आणि चार पोरं मँचेस्टरला टाकून गेला, अधूनमधून पैसे पाठवायचा, आणि तिकडे घटस्फोट न घेता दुसरं लग्न. ती पण आयरिश, ती पण एलन! नाव चुकायची भीती नाही.

विलायती_काका:
मुक्ताताई, नमस्कार घ्या _/\_
१९५९ ला लंडनमध्ये गेला तेव्हा अगदी कफल्लक होता. आम्ही विल्सडनला राहतो, केन्सल ग्रीनचं सेंट मेरी कब्रस्तान बसने जवळ. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याच्या नावाचा दगडच नव्हता, नुसतं ओलं गवत. बूट चिखलात, वर घरी बोलणी. पुढे लोकांनी वर्गणी काढून कबर नीट केली.

पेठेतला_गोली:
आता गेलात तर फोटो टाका. बाकी तशी पेनल्टी आमच्याकडे मारली असती, तर पब्लिकने गडी ग्राउंडबाहेर पडू दिला नसता.