सोसायटी ग्रुप: अमेरिकेतला 'फुकट' फोन

नलिनीताई (बी-३०२): काल ग्रुपवर 'अमेरिकेत उतरल्याबरोबर आयफोन फुकट घ्या' असा मेसेज पडलाय. कृपया काढून टाका. ऑगस्टमध्ये आपल्याच सोसायटीतली मुलं निघालीत. त्या भरवशावर आईवडील इथला फोन घ्यायचं रद्द करताहेत.

बोरसे (ए-१०४): ताई, चांगल्या हेतूनेच टाकला होता. फुकट मिळतोय तर घेऊ दे की पोरांना.

निकम काका (सी-५०१): बोरसे, फुकट नाही तो. समजा फोन ९०० डॉलरचा. ३६ महिने दरमहा २५ चा हप्ता बिलात लागतो आणि तेवढीच सूट त्याच बिलात वजा होते. १४ महिन्यांनी कंपनी सोडली की सूट बंद, उरलेल्या २२ हप्त्यांचे ५५० डॉलर एकदम अंगावर. सेल्स टॅक्स बहुतेक राज्यांत पूर्ण किमतीवर, तोही पहिल्याच दिवशी. शिवाय अशा ऑफर बहुधा महागड्या पोस्टपेड प्लॅनवरच असतात. मध्येच स्वस्त प्लॅन घेतला तरी सूट जाऊ शकते.

पगार वहिनी (बी-२०१): एमएस दोन वर्षांचं आणि हप्ते तीन वर्षांचे?

नलिनीताई: तेच तर! आणि असा फोन त्या कंपनीलाच बांधलेला, म्हणजे 'लॉक' असतो. लॉक फोनमध्ये इथलं सिम चालत नाही. बँकेचा ओटीपी येत नाही.

बोरसे: करार मोडल्याचा दंड बंद झालाय असं ऐकलं होतं.

निकम काका: नाव गेलं, अडकवणं राहिलं. नोव्हेंबर २००९ मध्ये व्हेरायझन या तिथल्या मोबाइल कंपनीने स्मार्टफोनवरचा दंड ३५० डॉलर केला. महिन्याला १० ने उतरायचा, म्हणजे २३ महिने इमानेइतबारे बिलं भरूनही १२० उरायचेच. टी-मोबाइलने २०१३ मध्ये करार बंद केले, मग बाकीच्यांनी. आता तीच वसुली हप्त्यांतून होते.

आहेर (ए-३०३): आपल्याकडे बरं आहे. १९०० ला मेसेज, ६ रुपये ४६ पैसे, झालं पोर्ट.

कोठावदे काका (सी-१०२): आपल्याकडेही होतं हो. २००३ ची रिलायन्सची ५०१ रुपयांची मान्सून हंगामा योजना आठवा. सीडीएमए फोन, दुसऱ्या कंपनीवर चालायचाच नाही. २०१७ च्या जिओफोनलाही १५०० अनामत होती, तीन वर्षांनी परत मिळणारी.

आहेर: काका, तुमची बुलेट आजही माझ्या पार्किंगमध्ये आहे.

कोठावदे काका: दहा मिनिटांसाठी लावली. दोन तिमाह्यांचा मेंटेनन्स कोणाचा थकलाय तेही लिहू का इथे?

सेक्रेटरी: 🙏 विषयाला धरून बोला. टँकर साडेअकराला येतोय.

आहेर: फोन लॉक असला तर एमजी रोडवर शंभर दुकानं आहेत. खोलून देतात.

निकम काका: ते सिमखाली पातळ चिप सरकवतात. आयफोनच्या सिस्टिमचं, म्हणजे आयओएसचं, अपडेट आलं की बंद पडते. आणि आयफोन १४ पासून अमेरिकेतल्या मॉडेलला सिमचा ट्रेच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे कार्डाशिवायचं सिम. चिप ठेवणार कुठे? अनलॉक मूळ कंपनीनेच करावं लागतं. एटीअँडटी कंपनीला फोनचे पूर्ण पैसे आणि ६० दिवसांचा वापर लागतो, टी-मोबाइलला पूर्ण पैसे आणि ४० दिवस.

नलिनीताई: पुन्हा लिहिते. लॉक फोनमध्ये इथलं सिम चालत नाही. बँकेचा ओटीपी येत नाही.

आहेर: ताई, वाचलं. तिसऱ्यांदा नको.

पगार वहिनी: असू दे, चांगल्यासाठीच सांगताहेत त्या. काका, मग करायचं काय?

निकम काका: फोन इथूनच अनलॉक घ्या, सिमचा ट्रे असलेला. इथलं सिम ट्रेमध्ये, तिकडचं प्रीपेड ई-सिम. घेण्याआधी मॉडेल तिकडच्या कंपनीच्या यादीत आहे का बघा. एटीअँडटीची यादी कडक आहे, त्यात नसलेल्या फोनवर कॉल लागत नाहीत. फोन हातात आला की *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, काढा, त्यांच्या वेबसाइटवर टाका. इथल्या नंबरवर आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्याआधीच चालू करून घ्या आणि घरून रिचार्ज करत राहा. ९० दिवस वापर नसला तर प्रीपेड नंबर बंद होऊ शकतो.

बोरसे: मेसेज काढला. भाच्याने तिकडून वापरलेला आयफोन आणलाय, लॉक आहे का कसं कळणार?

निकम काका: सेटिंग्ज, जनरल, अबाउट. खाली 'कॅरिअर लॉक'समोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' दिसलं तर मोकळा.

बोरसे: 'सिम लॉक्ड' दिसतंय.

निकम काका: मग ज्याच्या नावावर हप्ते आहेत त्याला आजच फोन लावा. उरलेली रक्कम भरून अनलॉकची विनंती त्यालाच करावी लागेल.