पिल्लू वाढवायचं कसं: पार्टीच्या लेव्हलप्रमाणे की गोष्टीतल्या दिवसांप्रमाणे?

रविवारचा_डीएम

आमच्या टेबलावर डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाची पाचवी आवृत्ती चालते, 2014 ची पुस्तकं. मी डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि शत्रू चालवणारा. चार खेळाडूंची पार्टी, सगळ्यांची पात्रं आता पाचव्या लेव्हलला (अनुभवाची पायरी). दुसऱ्या लेव्हलला असताना त्यांनी एक आऊलबेअर (अर्धं घुबड, अर्धं अस्वल) मादी मारली आणि गुहेत आत गेल्यावर तिचं पिल्लू सापडलं. मी ते तिथे फक्त दृश्य उभं करायला ठेवलं होतं. आमच्या बार्डने (गाण्यातून जादू करणारं पात्र) ते उचलून सॅकमध्ये घातलं, नाव ठेवलं घुम्या, आणि तेव्हापासून प्रत्येक सेशनला पहिला प्रश्न असतो, "घुम्या काय करतोय?"

मी त्याला 13 एचपी (जीव मोजायचे गुण, शून्य झाले की मेला) आणि एक चोचीचा हल्ला दिला होता. गेल्या रविवारी शत्रूच्या विझार्डने (जादूगाराने) फायरबॉल, म्हणजे आगीचा गोळा, टाकला. आठ डी-सिक्स, म्हणजे सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी 28. सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, जमला तरी 14. म्हणजे सरासरी फासे पडले तर सेव्ह जमो न जमो, घुम्या मेलाच. मी मूठभर फासे उचलले तेव्हा बार्ड खेळणारी मुलगी माझ्याकडे न बघता स्वतःच्या शीटवर हात ठेवून बसली होती. मी ते फासे टाकलेच नाहीत. सॅकने वाचवलं असं सांगून पुढे गेलो. घुम्या नियमाने वाचला नाही, माझ्या मर्जीने वाचला, हे चौघांनाही कळलं. तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही.

त्याला वाढवायला हवं हे नक्की. माझं मत असं की ती वाढ गोष्टीतल्या काळाने व्हावी. त्याला शिकार शिकवली, एक हिवाळा काढला, जखम भरली, की एक पायरी वर. पार्टीची लेव्हल वाढली म्हणून सकाळी उठल्यावर पंजे लांब झाले, हे मला पटत नाही. तुमचं काय मत?

सहा_फासे

पूर्ण असहमत. दुसरीपासून पाचव्या लेव्हलपर्यंत यायला तुमच्या गोष्टीत किती दिवस गेले ते मोजा. बहुतेक कॅम्पेनमध्ये दोन महिनेसुद्धा होत नाहीत. ड्रॅगनचं बघा. पुस्तकाप्रमाणे वर्मलिंग (पिल्लू) पाच वर्षांपर्यंत, यंग 6 ते 100, त्यापुढे ॲडल्ट. दिनदर्शिका धरली तर कुठलंच पिल्लू कुठल्याच कॅम्पेनमध्ये मोठं होणार नाही.

तुमचा विझार्ड त्याच दोन महिन्यांत साधे मंत्र टाकता टाकता फायरबॉलपर्यंत पोचतो, ते तुम्हाला खटकत नाही. मग पिल्लालाच वेगळा न्याय का? या खेळात लेव्हल हेच घड्याळ आहे.

नियमही तयार आहे. 2020 च्या 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग'मधला साइडकिक, म्हणजे पार्टीचा सोबती. चॅलेंज रेटिंग (किती धोकादायक ते सांगणारा आकडा) अर्धा किंवा कमी असलेला प्राणी घ्यायचा, त्याला वॉरियर करायचं, पार्टीच्या सरासरी लेव्हलला ठेवायचं. दर लेव्हलला एक हिट डाइस (एचपी ठरवणारा फासा) वाढतो. तुमचा 13 एचपीचा घुम्या पाचव्या लेव्हलला 33 च्या आसपास असता. त्या फायरबॉलमधून बहुतेक वेळा जिवंत बाहेर आला असता आणि तुम्हाला फासे लपवावे लागले नसते.

मिरजेची_रेंजर

तुम्ही दोघंही घुम्याबद्दल बोलताय. टेबलावरच्या बाकी तिघांबद्दल कोणी बोलत नाही.

मी 2014 च्या नियमांनी बीस्ट मास्टर, म्हणजे प्राणी सोबत घेणारी रेंजर, खेळले आहे. पाचव्या लेव्हलला माझ्या लांडग्याला लेव्हलच्या चौपट, म्हणजे 20 एचपी. त्याने चावावं असं वाटलं तर माझी स्वतःची ॲक्शन (फेरीतली मुख्य कृती) त्यातच जायची. अख्खी सबक्लास (पात्राची खास शाखा) त्यासाठी खर्च केली होती. आणि इथे बार्डला एक आऊलबेअर फुकट?

मोठ्या आऊलबेअरचं गणित करून बघा. नेमाच्या फाशात +7, लागलं तर चोचीचं नुकसान 10 आणि पंजांचं 14, एका फेरीत 24. तुमच्या पार्टीतला पाचव्या लेव्हलचा फायटर, 18 स्ट्रेंग्थ, लाँगसोर्ड: तोही +7 नेच मारतो, दोन वार मिळून 17. ड्युएलिंग (एका हातातल्या शस्त्राचं कसब) घेतलं असेल तर 21. एक वर्ष खपून उभं केलेलं पात्र कोणीतरी सॅकमधून आणलेल्या प्राण्यापेक्षा कमी पडतं, हे त्या फायटरला कसं वाटेल? तो बोलणार नाही. आपल्याकडे टेबलावर कोणी असं बोलत नाही, पुढच्या रविवारी "काम आलं" म्हणतात आणि येत नाहीत.

टोरांटोकर

ताईंशी सहमत. आम्ही याच कारणाने पाथफाइंडर या तशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीकडे वळलो. तिथे सोबतचा प्राणी 'यंग' म्हणूनच सुरू होतो. त्याला 'मॅच्युअर' करायचं तर स्वतःचं एक फीट (लेव्हलबरोबर निवडायचं कौशल्य) द्यावं लागतं, ड्रुइडला चौथ्या लेव्हलला, रेंजरला सहाव्या. त्यापुढे 'निम्बल' (चपळ) की 'सॅव्हेज' (हिंस्र) ही निवड, तिलाही पुन्हा फीट. लढाईत तुमची एक ॲक्शन गेली की त्याला दोन मिळतात. मॅच्युअर झाला की आज्ञा न देताही स्वतःहून एक करतो. प्राणी वयात आला, हे या एका ओळीत दिसतं.

माझी अस्वलीण मॅच्युअर झाली त्या दिवशी मी दुसरं एक आवडतं फीट सोडलं होतं. किंमत दिली म्हणून ती वाढ माझी वाटली.

पाचव्या आवृत्तीतही असा नमुना आहे. 2021 च्या ड्रॅगनच्या पुस्तकातला ड्रेकवॉर्डन, म्हणजे ड्रेक (ड्रॅगनसारखा प्राणी) सोबत घेणारा रेंजर. ड्रेक तिसऱ्या लेव्हलला छोटा, सातव्याला मध्यम, पंधराव्याला मोठा, आणि पाठीवर बसून उडता येतं ते तेव्हाच. सबक्लास देऊन मिळतं, फुकट नाही.

जुनी_वही

मी उलटं सांगते. वाढवूच नका.

आमच्याकडे ब्रास ड्रॅगनचं पिल्लू होतं. वर्मलिंगला 16 एचपी, यंगला 110. मधे पुस्तकात काहीच नाही, म्हणून मी मधल्या पायऱ्या स्वतः बांधल्या, खूप मेहनतीने. आधी ते पिल्लू मुक्कामाला शेकोटीजवळ वाळूत लोळायचं, सगळ्यांना प्रश्न विचारून भंडावायचं, एका गावात तर त्याच्या बडबडीमुळेच आम्हाला आत घेतलं. साठ एचपी झाल्यावर खेळाडूंचं पहिलं वाक्य बदललं. "आधी ड्रॅगनला आत पाठव." दार उघडायचं, ड्रॅगन. सापळा असेल, ड्रॅगन. मुक्कामाची दृश्यं आम्ही खेळेनासे झालो आणि ते कधी थांबलं हे मला आठवतही नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

घुम्याला लढाईच्या बाहेर ठेवा. सगळ्यांसमोर एकदा ठरवून टाका की फायरबॉल त्याच्यावर मोजला जाणार नाही. तेरा एचपीच राहू द्या.

सहा_फासे

@जुनी_वही, तुमचा अनुभव खरा असेल, पण ज्याला काही होऊच शकत नाही त्याची काळजी किती दिवस वाटेल? बार्ड शीटवर हात ठेवून बसली कारण तो खरोखर मरणार होता.

ताईंचा मुद्दा मात्र मान्य करतो. साइडकिकला सहाव्या लेव्हलला एक्स्ट्रा अटॅक मिळतो, तो मी काढून टाकीन.

रविवारचा_डीएम

सगळं दोनदा वाचलं. काळाचा हट्ट सोडतो. आमच्या गोष्टीत मोजून सात आठवडे झाले आहेत, त्यात कुठलाही हिवाळा बसत नाही. पण दर लेव्हलला थोडंथोडं वाढवणंही नको. टेबलावर सगळ्यांना दिसेल अशी पायरी हवी.

प्रौढ आऊलबेअरचा स्टॅट ब्लॉक (पुस्तकातले त्याचे आकडे) घेऊन वरून खाली कापला. प्रौढ 7 डी-टेन अधिक 21, म्हणजे 59. मधला, आकाराने मध्यम, 5 डी-एट अधिक 10, म्हणजे 32. पिल्लू 3 डी-सिक्स अधिक 3, म्हणजे 13. पिल्लाला फक्त चोच. मधल्याला चोच किंवा पंजे, एका फेरीत एकच. दोन्ही फक्त प्रौढाला, आणि तेही नवव्या लेव्हलच्या आधी नाही. तोवर फायटरही आत्तापेक्षा पुढे गेलेला असेल. मधली पायरी आत्ताच, पण आधी एक सेशन फक्त त्याच्या पहिल्या शिकारीचं.

किंमत: आज्ञा द्यायला बार्डची बोनस ॲक्शन (फेरीतली जास्तीची छोटी कृती). आज्ञा नाही दिली तर तो फक्त स्वतःला वाचवेल.

मिरजेची_रेंजर

बार्डची बोनस ॲक्शन म्हणजे बार्डिक इन्स्पिरेशन. हीलिंग वर्डसुद्धा. ज्या फेरीत घुम्या पंजा मारेल त्या फेरीत फायटरला तिच्या इन्स्पिरेशनचा डी-एट मिळणार नाही आणि पडलेल्याला दुरून उठवताही येणार नाही. ही किंमत खरी आहे, मला मान्य. पण ती पूर्ण पार्टी भरणार आहे, एकटी बार्ड नाही. चौघांना विचारा.

जुनी_वही

शिकारीचं सेशन नक्की घ्या. आणि त्यानंतरही मुक्कामाला दहा मिनिटं ठेवा, प्रत्येक वेळी.

रविवारचा_डीएम

रविवारी फासे काढायच्या आधी चौघांसमोर ठेवतो. घुम्याचा कागद आजवर माझ्या पडद्यामागे होता. यावेळी तो टेबलाच्या मधोमध असेल, 13 आणि 32 दोन्ही पेन्सिलने लिहिलेले.