मदत हवी आहे: मोतीबिंदूनंतर आईचा कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) सुजला, डिसेक (त्याचा आतला थर बदलायचं ऑपरेशन) करायला सांगितलंय

नमस्कार मंडळी. आम्ही देवगडजवळच्या खेड्यातले. आईचं (वय ७१) उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालं. तेव्हापासून सकाळी उठली की सगळं धुरकट, दुपारपर्यंत जरा निवळायचं. आता दिवसभर तसंच. कॉर्नियावर बारीक फोड येतात, फुटले की रात्रभर कळवळते. मिठाचे थेंब चालू आहेत, पण उतार नाही.

डॉक्टरांनी समजावलं ते असं: कॉर्नियाच्या आतल्या थरातल्या पेशी पाणी बाहेर उपसत असतात. त्या मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत, आणि पाणी साचून कॉर्निया सुजतो. डिसेकमध्ये दात्याच्या डोळ्यातला फक्त तो आतला थर बसवतात आणि हवेच्या बुडबुड्याने चिकटवून ठेवतात. म्हणून नंतर उताणं पडून राहायचं. आईला कंबरदुखी आहे, ती कशी पडून राहील याचीच मला जास्त काळजी.

कुणाच्या घरी हे झालंय का? कोल्हापूर की मुंबई? दात्याचा डोळा मिळेपर्यंत किती थांबावं लागलं? बुडबुडा विरेपर्यंत घाट चढू-उतरू नये का, तुम्हाला काय सांगितलं होतं? स्टेरॉइडचे थेंब बरेच महिने घालायचे, त्याने डोळ्यातला दाब वाढू शकतो. तो तपासायला सिंधुदुर्गात तुम्ही कुठे जाता?

आई अजून चुलीपुढे बसते. ते बंद करायला कसं पटवलंत, तेही सांगा.