झिरकॉनचं वय म्हणजेच वालुकाश्माचं वय का?

गाळाचा_माग: एमएस्सी करतोय, मागच्या महिन्यात मैहरला फील्डला गेलो होतो, विंध्यनचा (मध्य भारतातल्या जुन्या गाळाच्या खडकांचा थर) लाल वालुकाश्म बघितला, लाटांचे ठसे इतके स्वच्छ की वाटावं कालच पाणी ओसरलंय. पुस्तकात वरच्या विंध्यनचं वय 55-60 कोटी वर्षांपर्यंत खाली आणलंय, आणि त्यातल्या सगळ्यात वरच्या भांडेर थरातल्या झिरकॉनमध्ये (वाळूत सापडणारं टिकाऊ खनिज) सगळ्यात तरुण कण साधारण 102 कोटींचे. कण तर दुसरीकडून वाहून आलेत ना, मग त्यांचं वय गाळाला कसं लावायचं?

नर्मदाकाठ: लावायचं नाहीच. शेतात नाण्यांचा हंडा सापडला तर सगळ्यात नवं नाणं बघतात, हंडा त्याच्या आधी पुरलेला असूच शकत नाही, नंतर कधीही असेल. तसंच, गाळ 102 कोटींपेक्षा जुना नाही एवढंच पक्कं. पण राजस्थानात मालानीचे ज्वालामुखी खडक साधारण 75-77 कोटींचे आहेत, गाळ 60 कोटींचा असता तर त्यांचे कण थोडे तरी यायला हवे होते, आणि ते दिसत नाहीत. अर्थात नद्या तिकडून येतच नसतील तर ते नसणारच, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नकोस.

लॅबमधला: एका तरुण कणावर तर अजिबात भरवसा नको. मी हे कण वेचलेत, खडक कुटायचा, धुवायचा, जड द्रवात बुडवायचा, मग मायक्रोस्कोपखाली सुईने एकेक उचलायचा, रांगोळीच्या कणाएवढा असतो. झिरकॉन बनताना युरेनियम आत घेतो, शिसं जवळपास घेतच नाही, म्हणून आत सापडलेलं शिसं युरेनियमपासूनच तयार झालेलं, आणि त्याच्या प्रमाणावरून वय काढतात. पण कणाला तडे असले तर शिसं निसटतं आणि वय खोटं कमी येतं. युरेनियम 238 आणि 235 ही दोन घड्याळं एकच वेळ दाखवतायत का बघ, आणि तीन-चार कण एकाच वयाचे असतील तरच धर.

पन्ना_रोड: दुसऱ्या बाजूने मझगवांचा हिऱ्याचा पाइप (खोलातून वर आलेल्या वितळलेल्या खडकाची नळी) बघ. तो कैमूर वालुकाश्मात, म्हणजे वरच्या विंध्यनच्या तळाच्या थरात, घुसलाय आणि 107 कोटींचा आहे, म्हणजे कैमूर त्याहून जुना. भांडेर कैमूरच्या वर आहे त्यामुळे त्याला ही मर्यादा थेट लागत नाही, पण खडक बनताना त्यात त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा गोठते, आणि पाइपमधली ती दिशा भांडेर आणि त्याखालच्या रेवा थराच्या दिशेशी जुळते. म्हणून मला तरी भांडेर 100 कोटींच्या आसपासच पटतो.

गाळाचा_माग: हंड्याचं आत्ता डोक्यात बसलं. माझ्या नमुन्यात एकच कण 90 कोटींचा दिसतोय आणि मी त्यावरच अख्खा रिपोर्ट लिहायला घेतला होता. उद्या आधी त्याला तडा आहे का ते बघतो.