मदत हवी आहे: योगायोगाने खरे ठरलेले अनुमान ज्ञान मानावे का?

नमस्कार. नाशिकमध्ये आम्ही काही वाचक प्रमाणशास्त्राचा (खरे ज्ञान कशाने होते याच्या शास्त्राचा) अभ्यास करत आहोत आणि एका प्रश्नावर अडलो आहोत.

निफाड परिसरात कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागा वाचवण्यासाठी शेतकरी शेकोट्या पेटवतात. समजा, एखाद्या वाटसरूने बागेवरच्या धुक्यालाच धूर समजून ‘तिथे आग आहे’ असे अनुमान केले आणि बागेच्या पलीकडच्या टोकाला खरोखरच शेकोटी पेटलेली होती. त्याची समजूत खरी आहे, त्याच्या परीने साधारही आहे. तरीही तिला ज्ञान म्हणवत नाही. अमेरिकी तत्त्वज्ञ एडमंड गेटियर यांनी १९६३ मध्ये हीच अडचण मांडली, पण धुके आणि धुराचा दाखला बाराव्या शतकातील तत्त्वज्ञ श्रीहर्षाने आधीच दिला होता, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

हेतूच (ज्या खुणेवरून अनुमान केले ती खूण, इथे धूर) खोटा असल्यामुळे हे सदनुमान (निर्दोष अनुमान) नव्हे, असे नैयायिक (न्यायदर्शनाचे अनुयायी) म्हणतील. परंतु हेतू खरा होता हे ठरवायचे कशावरून? न्यायमतात प्रामाण्य (ज्ञानाचा खरेपणा) परतः, म्हणजे दुसऱ्या ज्ञानाने कळते. मग त्या दुसऱ्यासाठी तिसरे लागते आणि अनवस्था (न संपणारी साखळी) उभी राहते. संशय आला तरच पडताळावे आणि प्रवृत्तीचे (त्या ज्ञानावर विसंबून केलेल्या कृतीचे) यश ही कसोटी मानावी, हे नैयायिकांचे उत्तर मला अपुरे वाटते, कारण आमचा वाटसरूही शेकोटीपाशी जाऊन हात शेकू शकेल.

गंगेशांच्या नव्यन्याय परंपरेत (न्यायदर्शनाच्या उत्तरकालीन शाखेत) या आक्षेपाला नेमके काय उत्तर आहे? मीमांसकांचे (मीमांसादर्शनाच्या अनुयायांचे) स्वतःप्रामाण्य, म्हणजे ज्ञानाचा खरेपणा त्या ज्ञानातूनच कळतो हे मत, इथे अधिक टिकते का? मराठीत याचे सविस्तर विवेचन कुठे मिळेल, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.