बेदाण्याची सरासरी: १२३, १५० की २००?

तासगावची_लेक:
यंदाचा बेदाणा सांगलीच्या मार्केट यार्डात लावला होता, १५ किलोचे २०० बॉक्स. विक्रीची पट्टी अशी आली: १२० बॉक्स १७० रुपये किलोनं, ६० बॉक्स १४० नं, २० बॉक्स काळा, म्हणजे हलक्या प्रतीचा माल ६० नं. दहावीतला भाऊ तिन्ही दर मिळवून तीननं भागतो आणि १२३ सांगतो. आबा म्हणतात, दीडशे पडला. त्यात त्या दिवशीच्या बाजारभावात कमीत कमी ६०, जास्तीत जास्त ३४०, सर्वसाधारण १५० असं आहे. ६० आणि ३४० च्या मधोमध २०० येतात, म्हणजे आपल्याला पन्नास कमी मिळाले, असं धरून भाऊ अडत्याशी, म्हणजे आमचा माल विकून देणाऱ्याशी भांडायला निघालाय. कुणाचं खरं?

मिरजेची_गणितबाई:
आबांचं. हमाली-तोलाई सोडून ३००० किलोचे ४,५०,००० झाले, म्हणजे किलोला १५०. भावानं २० बॉक्सच्या दराला १२० बॉक्सच्या दराएवढंच वजन दिलं. नग वेगवेगळे असले की दराला नगानं गुणूनच मध्य, म्हणजे सरासरी काढायची, हे त्याच्या सांख्यिकीच्या धड्यात आहेच.

आता ते २००. टोकाचे दोन सौदे घेऊन बाजार कळत नाही, मधले सगळे सौदे त्यात हरवतात. सारख्याच वजनाचे सात सौदे धरा: ६०, १३०, १४०, १५०, १५०, १५०, ३४०. मध्य १६०. चढत्या क्रमानं लावल्यावर चौथा, म्हणजे मध्यक, १५०. सगळ्यात जास्त वेळा आलेला, म्हणजे बहुलक, तोही १५०. आता ३४० चा सौदा मुहूर्ताला ५५० ला गेला समजा. मध्य एकदम १९० होतो, बाकीचे दोघे जागचे हलत नाहीत. म्हणून बाजारभावाच्या 'सर्वसाधारण' रकान्यात बहुलक देतात: ज्या दराला जास्तीत जास्त माल गेला तो. भावाला हे सात आकडे स्वतः मांडू दे, सूत्र पाठ करण्यापेक्षा लवकर उमजेल.

यार्डातला_माणूस:
बाईंचं गणित पटलं, पण एक सांगतो ताई. काळा आणि हिरवा बेदाणा एका ढिगात मोजूच नका. काळ्याचे दर एकीकडे गोळा होतात, हिरव्याचे दुसरीकडे, आणि मधल्या आकड्याला कुणाचाच माल गेलेला नसतो. आधी प्रतवारी, मग सरासरी. तुमचा १७० वाला माल त्याच रंगाच्या, त्याच जाडीच्या मालाशी लावून बघा. तिथं कमी दिसला तर अडत्याला जरूर विचारा, हक्क आहे तुमचा.

तासगावची_लेक:
काळा वगळून १८० बॉक्सचा हिशोब केला, १६० पडला. आबांना दाखवला. भावानं पुढच्या सौद्यापासून प्रत्येक प्रतीचे दर वेगळे लिहायला वही घातलीय. दादा, हिरव्यातही जाड-बारीक वेगळं धरायचं का?

यार्डातला_माणूस:
धराच. लय फरक पडतो.