रोलबारच्या पायाला टूलबॉक्सचा ब्रॅकेट: वेल्ड करू की बोल्ट?

बांधावरचा

ट्रॅक्टरच्या डाव्या बाजूला, पायरीच्या मागे, टूलबॉक्स आणि पाण्याचा कॅन बसवायचा आहे. भरल्यावर सगळं मिळून ६० किलोच्या आसपास जाईल. फॅब्रिकेशनवाल्यानं पाहिलं आणि म्हणाला, "रोलबारच्या (ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणाऱ्या कमानीच्या) पायाला दोन पट्ट्या वेल्ड मारतो, अर्ध्या तासात गाडी मोकळी." मला ते पटलं नाही, पण का पटलं नाही तेही सांगता येईना. गिअरबॉक्सच्या कडेला आट्यांची चार भोकं आहेत, चिखलानं बुजलेली. त्यात बोल्ट लावले तर चालतील का? शिवाय रोलबारवर मागच्या बाजूला दोन दिवे लावायचेत. त्यासाठी भोक पाडावंच लागेल असं तो म्हणतोय.

नांगरफाळ

एवढा विचार कसला करताय? बोल्ट सैल होतात, वेल्ड सैल होत नाही. मी मडगार्डाच्या सांगाड्याला अँगल वेल्ड केलाय, अजून जागचा हललेला नाही.

ठिणगी

नांगरफाळ, वेल्ड सैल होत नाही हे खरं. तो सरळ तुटतो. सैल बोल्ट खडखडतो, गंजाची लाल रेघ सोडतो, म्हणजे सांगून-सवरून जातो. वेल्डच्या कडेनं चीर आत आत जात असते आणि वरचा रंग तसाच चकचकीत दिसतो. मडगार्डाचा अँगल टिकला कारण त्यावर भार नाही. इथे ६० किलो लटकणार आहेत.

बांधावरचा, रोलबारला हात लावू देऊ नका. ट्रॅक्टर उलटला की त्या कमानीनं थोडं वाकून धक्का पोटात घ्यायचा असतो, मोडायचं नसतं. कंपनीनं तिच्यावर मागून, बाजूनं आणि वरून भार देऊन चाचणी घेतलेली असते, ती तुमच्या पट्ट्यांशिवाय. वेल्डशेजारचा भाग तापून निवला की त्याचा गुण बदलतो, वेल्डच्या कडेला ताण एकवटतो, आणि हे सगळं नेमकं पायाशी, जिथे वाकण्याचा जोर सर्वांत जास्त. भोकाचंही तेच. नंतर भोक वेल्डनं बुजवलं तर दोन चुका झाल्या, दुरुस्ती नाही. दिव्यांसाठी रबर लावलेले पाइप-क्लॅम्प मिळतात, ते कमानीभोवती आवळा. प्रश्न मिटला.

आता गिअरबॉक्स. तो, क्लच हाउसिंग आणि मागच्या अ‍ॅक्सलचं हाउसिंग बहुतेक ट्रॅक्टरांत बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं असतं. बिडात कार्बन २ ते ४ टक्के. साध्या रॉडनं टाका मारला तर निवताना शेजारी काचेसारखा कडक पट्टा तयार होतो आणि तिथेच तडा जातो. कधी कधी "टिक" असा आवाजही येतो. निकेलचा रॉड, आधी तापवणं, राखेत हळूहळू निववणं, हे सारं आहे, पण ते फुटलेलं ओतकाम वाचवण्यासाठी. आत गिअर, सील आणि तेल असताना टूलबॉक्स लटकवण्यासाठी नव्हे. धातू कोणता अशी शंका असेल तर कोपऱ्यावर ग्राइंडर जरासा टेकवा: पोलादाच्या ठिणग्या लांब, उजळ आणि फुटणाऱ्या, बिडाच्या आखूड आणि लालसर. थ्री पॉइंटच्या, म्हणजे मागे अवजार उचलणाऱ्या आर्म्सनाही वेल्ड नको, ते पोलादी असले तरी बहुधा उष्णता-प्रक्रिया केलेले असतात.

म्हणून माझा हिशोब सरळ आहे. वेल्डिंग ब्रॅकेटचं, तेही टेबलावर. ट्रॅक्टरला फक्त बोल्ट. ती चार भोकं कंपनीनं लोडर किंवा मधल्या जोडणीची अवजारं बसवण्यासाठीच ठेवलेली असतात. ती कुठे आहेत आणि त्यांत कोणता बोल्ट बसतो, ते मॅन्युअलमध्ये एकदा बघून घ्या.

ब्रॅकेटच कुठे चुकतो ते सांगतो, कारण बोल्टची भीती सगळ्यांना असते आणि मोडते मात्र पट्टी. बॉक्सचा मध्य गिअरबॉक्सपासून ४० सेंटिमीटर बाहेर धरू. ६० किलोचा जोर २३५ न्यूटन-मीटर झाला. खड्ड्यात आदळताना तिप्पट धरा, ७०० च्या पुढे. आता १०० मिलिमीटर रुंद, ६ मिलिमीटर जाड पट्टी आडवी बाहेर काढली तर उभ्या ट्रॅक्टरवरच तिच्यात ३९० मेगापास्कलच्या आसपास ताण येतो. साधं लोखंड २५० ला वाकतं. म्हणजे डबा भरल्या क्षणीच ती मान टाकेल. तीच पट्टी उभी करून लावली, तर तिप्पट धक्क्यातही ताण ७० च्या घरात. त्यामुळे खालून त्रिकोणी पट्टी द्या, दोन्ही बाजूंना, आणि तिचा वेल्ड टोकापर्यंत ओढून कडेला सोडू नका. कोपरा वळवून संपवा. ७०१८ नंबरचा (कमी हायड्रोजनचा) वेल्डिंग रॉड वापरणार असाल तर तो कोरडा हवा. उघड्या पाकिटात पडून राहिलेला रॉड ओलावा धरतो, मग वेल्डमध्ये हायड्रोजन शिरतो आणि तडा काही तासांनीही जाऊ शकतो.

बोल्ट ८.८ ग्रेडचे, हा ताकदीचा आकडा डोक्यावर उमटलेला असतो. त्याहून ताकदवान १०.९ घेऊन बिडाच्या आट्यांवर जोर काढू नका, आटेच उपटून येतील. एम १२ (१२ मिलिमीटर जाडीच्या) बोल्टसाठी ८० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळा. एका बोल्टला साधारण ३ टनांची पकड मिळते. भार खरं तर बोल्टची दांडी घेत नाही, प्लेट आणि गिअरबॉक्समधलं घर्षण घेतं. म्हणूनच बसण्याच्या जागेचा रंग काढा. रंगाचा थर दबतो, पकड जाते, आणि मग बोल्ट खरोखरच सैल होतो. नांगरफाळांचा अनुभव बहुतेक इथलाच.

यंत्रवेडी

ठिणगी काका बरोबर बोलले. पण लोडरच्या पोलादी फ्रेमला वगैरे कुणी ट्रॅक्टरवरच वेल्ड करायला बसलाच, तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. ऑल्टरनेटरचा आणि इसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) असेल तर त्याचाही प्लग काढा. अर्थिंगचा क्लॅम्प ज्या तुकड्यावर वेल्ड होतंय त्यावरच, वेल्डच्या शेजारी, रंग घासून. "कुठेही लाव, लोखंडच आहे" म्हणून तो चाकाच्या नटाला लावलेला मी पाहिलाय. मग करंट बेअरिंगमधून जातो आणि गोळ्यांवर खड्डे पडतात. आवाज नंतर येतो, आणि कारण कुणाला आठवत नाही.

टायर बसवलेला असताना रिमला ज्योत किंवा आर्क लावू नका, हवा सोडली असली तरीही. आतलं रबर तापून पेटणारा गॅस सोडतं आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. भुसा, वाळलेलं गवत, तेलकट चिंध्या काढा, अग्निशामक हाताशी ठेवा आणि काम संपल्यावर लगेच जागा सोडून जाऊ नका. ब्रेक-क्लीनर मारून लगेच वेल्ड तर मुळीच नको. क्लोरीनयुक्त असेल तर त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू बनतो. जस्त चढवलेला पाइप असेल तर जस्त घासून काढा आणि उघड्यावर काम करा, नाहीतर रात्री थंडी वाजून ताप भरतो.

बांधावरचा

खूप धन्यवाद. भोकं साफ केली. एम १२ चा बोल्ट दोन-तीन आटे जातो, पण डुगडुगतो. आटे खराब झालेत का?

ठिणगी

थांबा, तो पाना ठेवा खाली! आटे बहुधा ठीक आहेत, बोल्ट चुकलाय. बऱ्याच ट्रॅक्टरांवर इंचाचे आटे असतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यात एम १२ ढिला बसणारच. आट्यांचं गेज घ्या: अर्धा इंच यूएनसीला (इंचाच्या जाड आट्यांना) इंचात १३ आटे, एम १२ ला दोन आट्यांतलं अंतर १.७५ मिलिमीटर. जुळला तोच बोल्ट हातानं शेवटपर्यंत फिरला पाहिजे. इंचाच्या बोल्टवर ८.८ नसतं, डोक्यावर तीन रेघांचा म्हणजे ग्रेड ५ घ्या, ताकद जवळपास तीच.

लांबीही मोजा. भोकात तार घालून खोली बघा. प्लेट ८, वॉशर अडीच, आणि बिडात बोल्टच्या जाडीच्या दीडपट, म्हणजे १९ मिलिमीटर आटे पकडले पाहिजेत. भोक त्याहून जरा खोल हवं. बोल्ट तळाला टेकला तर पाना कडक लागतो, पण प्लेट दबलेली नसते. त्या भरात आणखी ओढलं तर ओतकाम फुटतं. तार घातल्यावर तेल लागून आली तर भोक आरपार आहे, तिथे आट्यांना सीलंट लावा.

बांधावरचा

तार कोरडी, खोली २५. आणि सैल होऊ नये म्हणून नायलॉनचा नट लावू का?

ठिणगी

आट्याच्या भोकात नट लागतोच कुठे? हवं तर मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा डिंक) लावा, तेही आटे सॉल्व्हंटनं पुसून, कोरडे झाल्यावर. आवळून झालं की बोल्टच्या डोक्यावरून प्लेटवर रंगाची एक रेघ ओढा. पहिल्या दिवसाच्या कामानंतर बघा. रेघ सरकली असेल तर तो बोल्ट नुसता आवळू नका, काढून खाली रंग किंवा चिखल राहिलाय का ते आधी तपासा.